गप्प बसणारं लाकूड: रेकॉर्ड प्लेअरचा आर्म घरी घडवताना

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली ती तारप्यासाठी. तारपा वाजवणं आणि तारपा घडवणं, दोन्ही त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बसवलेल्या बांबूच्याच जिभल्या, सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण आणि शेवटी ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यात हे वाद्य तयार होतं. फुंकर घातली की जिभल्या थरथरतात, नळ्यांमधली हवा थरथरते आणि कर्णा तो आवाज रानभर पोचवतो. तारप्याचा प्रत्येक भाग बोलतो, म्हणूनच तो तारपा.

या लेखात लाकडाच्या नेमक्या उलट्या कामाबद्दल सांगायचं आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मिळणाऱ्या सागापासून, शिवणीपासून किंवा बांबूपासून रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म घरच्या घरी करता येतो. तबकडीवर आडवा पसरलेला आणि टोकाला सुई धरून बसलेला तो दांडा. नुसता आर्म म्हटलं तरी चालतं. त्यात लाकडाने एक शब्दही बोलायचा नसतो. चांगल्या आर्मचा स्वतःचा आवाज नसतो, आणि असा मुका आर्म साध्या हत्यारांनी, थोड्या गणिताने आणि पुष्कळ धीराने जमतो. ज्यांच्या माळ्यावर जुना प्लेअर आणि आजोबांच्या रेकॉर्डी पडून आहेत त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आर्मचं काम काय ते पाहू. स्टिरिओ एलपीची खाच साधारण 0.05 मिलिमीटर रुंद असते. तिच्या दोन भिंतींवर गाण्याच्या लाटा कोरलेल्या असतात आणि मंद आवाजाच्या लाटा एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. हिऱ्याची सुई या लाटांवरून जाताना हलते. सुईच्या काडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक असतो. तो कार्ट्रिजमधल्या, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीतल्या, तारांच्या वेटोळ्यांजवळ हलला की काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते. ती वीज म्हणजे आपलं गाणं.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुई किती हलली हे कार्ट्रिज मोजत नाही. आपल्या स्वतःच्या अंगाच्या मानाने सुई किती हलली, तेवढंच त्याला कळतं. सुई हलत असताना कार्ट्रिजचं अंगही थरथरलं, तर ती थरथर गाण्यात मिसळते किंवा गाण्यातून वजा होते. कार्ट्रिज आर्मला स्क्रूने आवळलेलं असतं. त्यामुळे आर्म थरथरला, लवला किंवा सांध्यात हलला, तर ते ऐकू येतंच.

पण आर्मला हलायचंही असतं. बाहेरच्या कडेपासून आत लेबलापर्यंत सुई जाईल तसं त्याने मागोमाग जायचं. तबकडी वाकलेली असेल तर तिच्याबरोबर वर-खाली व्हायचं. 33⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड सेकंदाला अर्ध्याहून थोडी जास्त फेरी घेते, म्हणून वाकडेपणाच्या हालचाली सेकंदाला अर्ध्यापासून पाच-सहा वेळांपर्यंतच्या, म्हणजे फार संथ असतात. गाणं 20 हर्ट्झच्या वर सुरू होतं. संथ हालचालींना मोकळा आणि जलद हालचालींना अचल, असा दांडा आपल्याला हवा आहे. हे दोन्ही एकाच दांड्याकडून कसं करून घ्यायचं याचं उत्तर वजनाच्या हिशेबात आहे. त्याकडे येऊच, पण अगोदर लाकूड.

सागाचं लाकूड या भागात सगळ्यांच्या ओळखीचं. आर्मसाठी जंगलातलं झाड तोडायची गरज नाही आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय ते करूही नये. हातभर लांबीचा, बोटभर जाडीचा तुकडा पुरतो. उत्तम लाकूड मिळतं ते उतरवलेल्या जुन्या घरातून: वासे, तुळया, दाराच्या चौकटी. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या सागाला जेवढं वाकायचं होतं तेवढं तो वाकून झालेला असतो. जव्हारला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लाकूड पावसाळ्यात ओल धरतं, उन्हाळ्यात सोडतं, आणि दर वेळी थोडं फुगतं-आकसतं. दिलासा असा की हे फुगणं नसांच्या आडव्या दिशेला होतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून आर्मची लांबी ऋतूंबरोबर बदलत नाही. मात्र नस तिरकी गेली असेल तर दांडा पिळवटतो आणि सुई एका अंगावर कलते. तुकडा निवडताना चारही बाजूंनी नस सरळ टोकापर्यंत जाते का ते पाहावं. गाठ असेल तर तो तुकडा बाजूला ठेवावा, कितीही सुंदर दिसला तरी.

शिवण सागाहून हलकी आणि रंध्याला मऊ. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत बोहाडा उत्सवाचे मुखवटे लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे होत आले आहेत. हलक्या लाकडात हात बसलेला माणूस म्हणूनच इथे शोधता येतो. शिसव जड आणि कडक. अख्ख्या दांड्याला ते जास्त होतं, पण सांध्याच्या ठोकळ्याला फार चांगलं. बांबूचा विचार वेगळा करावा लागतो. त्याची सगळी ताकद बाहेरच्या सालीखाली असते, आतला गर मऊ. अख्खी पोकळ नळी वापरली तर तिच्यात तारप्याचा गुण येतो, आतली हवा बोलू लागते. म्हणून जाड सालीच्या मानवेलाच्या पट्ट्या काढाव्यात, साल बाहेर ठेवून त्या एकमेकींना चिकटवाव्यात आणि भरीव दांडा करावा. बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिठूळ अंशामुळे. तेव्हा बांबू पावसाळा सरल्यावर तोडलेला, पाण्यात मुरवलेला आणि सावलीत वाळवलेला असावा. मला विचाराल तर पहिला आर्म सागाचा करा. साग चूक पोटात घालतो, बांबू घालत नाही.

अॅल्युमिनियमची नळी सोडून लाकूड कशाला, असं कुणी विचारेल. धातूच्या नळीवर टिचकी मारा, ती घुमत राहते. लाकडावर मारा, टक् करून आवाज मरतो. लाकडाच्या तंतूंमध्ये कंपनाची शक्ती घर्षणाने विरून जाते, आणि हा गुण धातूपेक्षा लाकडात कितीतरी जास्त आहे. म्हणूनच अमेरिकेत जोसेफ ग्राडो यांनी अक्रोडाच्या लाकडाचा आर्म बाजारात आणला होता, जर्मनीत फ्रँक श्र्योडर लाकडी दांड्याचे आर्म घडवतात आणि लिथुआनियातली रीड ही कंपनी आर्मच्या दांड्यांना लाकूड वापरते. हे महागडे आर्म आहेत. त्यामागचा विचार मात्र कुणालाही वापरता येतो.

आता भूमिती. रेकॉर्ड कापणारं यंत्र कटरला त्रिज्येवरून सरळ रेषेत नेतं. आपला आर्म एका खुंटीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुईची दिशा आणि खाचेची दिशा यांत फरक पडतो. तो कमी करायला दोन युक्त्या आहेत. आर्म असा बसवायचा की सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाईल, आणि कार्ट्रिज आतल्या बाजूला थोडं वळवायचं. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी 1924 मध्ये यावर लिहिलं. पुढे स्वीडनचे एरिक लोफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये गणित पूर्ण केलं. तबकडीवर दोन ठिकाणी चूक शून्य होते, आणि ती दोन ठिकाणं आपण निवडायची.

बेअरवाल्डच्या मांडणीत ती मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर येतात. सुईपासून खुंटीपर्यंतचं अंतर 230 मिलिमीटर धरू. 230 चा वर्ग 52,900. त्यातून 66 गुणिले 120.9, म्हणजे सुमारे 7,979 वजा करा. उरलेल्या 44,921 चं वर्गमूळ 211.9. खुंटी आणि मधला खिळा यांत एवढं अंतर ठेवायचं, म्हणजे सुई खिळ्याच्या 18 मिलिमीटर पुढे जाते. कार्ट्रिज किती वळवायचं त्यासाठी 66 आणि 120.9 यांची बेरीज करून तिला 460 ने भागा. 0.406 येतं, आणि ज्या कोनाचा साइन एवढा असतो तो कोन 24 अंशांचा. झालं. शाळेतल्या भूमितीच्या पलीकडे यात काही नाही.

पण मी स्वतः बेअरवाल्ड वापरत नाही, आणि त्याचं कारण आपल्या संगीतात आहे. सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा तिच्याखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते. लेबलाजवळ तीच गती एकवीस सेंटिमीटरवर येते. तेवढंच गाणं अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, म्हणून आवाज फाटतो तो शेवटी. आपल्या ख्यालाच्या एलपीवर बऱ्याचदा एका बाजूला एक राग असतो: बाहेर विलंबित आणि आत द्रुत. भीमसेनजींच्या ताना, किशोरीताईंचा तार षड्ज, तबल्याची वाढलेली लय, सगळं नेमकं त्या अडचणीच्या जागी येतं. स्टीव्हन्सन यांनी 1966 मध्ये सुचवलेल्या मांडणीत शून्य चुकीचं आतलं ठिकाण अगदी शेवटच्या खाचेवर, 60.3 मिलिमीटरवर, आणि बाहेरचं 117.4 वर असतं. बाहेरच्या कडेला थोडी जास्त चूक पदरात घ्यावी लागते, पण तिथे आलाप चाललेला असतो आणि खाच ऐसपैस असते. ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सनच निवडावा असं माझं ठाम मत आहे. वरच्याच रीतीने हिशेब केला तर 230 मिलिमीटरच्या आर्मसाठी खुंटी मध्यापासून 214 मिलिमीटरवर, सुई 16 मिलिमीटर पुढे आणि कोन पावणेतेवीस अंश येतो. पुढचे आकडे याच आर्मचे.

हा कोन मिळवायला दांडा वाकवू नका. दांडा सरळ ठेवा आणि टोकाला कार्ट्रिज बसवायची छोटी पाटी कोनात चिकटवा. पाटीवर दोन समांतर लांबट खाचा घ्या. कार्ट्रिजच्या स्क्रूंमधलं अंतर जगभर 12.7 मिलिमीटर ठरलेलं आहे. खाचा लांबट ठेवल्या की सुई मागेपुढे सरकवून अंतर जुळवता येतं.

आता वजनाचा हिशेब. हाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण हाच गाळतात. सुईची काडी रबराच्या कोंदणात बसवलेली असते, म्हणजे ती एक स्प्रिंग आहे. आर्म आणि कार्ट्रिज हे त्या स्प्रिंगवरचं वजन. स्प्रिंग आणि वजन मिळून एका ठरावीक गतीने डोलतात. ती गती 8 ते 12 हर्ट्झच्या मधे पडली तर खालचा वाकडेपणा आणि वरचं गाणं, दोघांपासून ती सुरक्षित राहते. तिच्या खाली आर्म तबकडीच्या मागे मुकाट जातो, वर तो अचल होतो. मघाशी राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर हे.

सूत्र सोपं आहे. वजन ग्रॅममध्ये घ्या. स्प्रिंगचा लवचीकपणा कार्ट्रिजच्या कागदावर मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये दिलेला असतो. दोघांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. इथे वजन म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, तर सुईला जाणवणारं वजन. टोकाकडचा ग्रॅम पूर्ण मोजला जातो, खुंटीजवळचा जवळजवळ मोजलाच जात नाही. सारख्या जाडीच्या दांड्याचं एक तृतीयांश वजन सुईला जाणवतं.

एक उदाहरण करून पाहू. सागाचा दांडा 10 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड. सागाची घनता 0.65 धरली तर 23 सेंटिमीटरचं वजन 15 ग्रॅम, सुईला जाणवणारं 5. टोकाची पाटी 4 ग्रॅम, पूर्ण मोजायची. कार्ट्रिज ऑर्टोफॉनचं 2एम रेड घेऊ: वजन 7.2 ग्रॅम, लवचीकपणा 20, सुईचा दाब 1.8 ग्रॅम. स्क्रूंचा एक ग्रॅम. या सगळ्याला तोलायला मागे 100 ग्रॅमचं पितळी वजन लावलं तर ते खुंटीपासून 45 मिलिमीटरवर येतं. त्याचा सुईला जाणवणारा भाग 100 गुणिले (45 भागिले 230) चा वर्ग, म्हणजे जेमतेम 4 ग्रॅम. एकूण 21 ग्रॅम. 21 गुणिले 20 म्हणजे 420, वर्गमूळ साडेवीस, आणि 159 भागिले साडेवीस म्हणजे पावणेआठ हर्ट्झ. आठच्या किंचित खाली. चालेल, पण वाकलेल्या रेकॉर्डवर कुरकुरेल.

आता रंधा हातात घ्या. दांड्याची रुंदी खुंटीजवळ 10 मिलिमीटर ठेवा आणि टोकाकडे 6 पर्यंत निमुळती करत न्या. पाटी पातळ करून 3 ग्रॅमवर आणा. दांड्याचा सुईला जाणवणारा भाग साडेतीन ग्रॅम होतो, मागचं वजन 38 मिलिमीटरवर सरकतं आणि त्याचा भाग तीन ग्रॅमच्या आत येतो. एकूण साडेसतरा, आणि उत्तर साडेआठ हर्ट्झ. काही ग्रॅमची छिलपट पडली आणि आर्म सुरक्षित पट्ट्यात आला. निमुळता दांडा आणखी एका कारणाने बरोबर आहे: लवायचा जोर सगळ्यात जास्त खुंटीजवळ पडतो, आणि तिथे आपण लाकूड राखलेलं आहे. लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. 10 ऐवजी 14 मिलिमीटर जाडी घेतली तर वजन 1.4 पट होतं, पण ताठरपणा पावणेतीन पट. म्हणून दांड्याची जाडी राखावी आणि रुंदी घासावी.

मागच्या वजनाचीही गंमत पाहा. 100 ग्रॅमच्या जागी 50 ग्रॅमचं वजन दुप्पट अंतरावर ठेवलं तर तोल तोच राहतो, पण सुईला जाणवणारा भाग दुप्पट होतो. जड वजन जवळ ठेवणं केव्हाही चांगलं. 25 मिलिमीटर व्यासाचा आणि 24 मिलिमीटर लांबीचा पितळेचा तुकडा साधारण 100 ग्रॅम भरतो. तो लेथवर करून घ्यावा लागेल. जव्हारहून बोईसरची तारापूर एमआयडीसी आहे, मोखाड्याहून नाशिकची सातपूर-अंबड. तुकड्याला मधोमध भोक न पाडता वरच्या कडेकडे पाडायला सांगा आणि आत एम-6 चे आटे घ्या. कारण पुढे येतं आहे.

आर्म ज्यावर फिरतो तो सांधा हा घरी करायच्या आर्मचा खरा कस. चार बेअरिंगांचा सांधा कारखान्यातच व्हावा. घरी करण्याजोगा आणि तरी अव्वल असा एकच आहे: एका टोकावर तोललेला आर्म. पितळेच्या खांबावर कडक पोलादाचं अणकुचीदार टोक वर करून बसवायचं. दांड्याखाली शिसवीचा ठोकळा डकवायचा आणि त्यात खालून कडक धातूची लहानशी खोलगट टोपी बसवायची. टोपी टोकावर ठेवली की आर्म सगळ्या दिशांना जवळजवळ घर्षणाविना फिरतो. सांध्यात खुळखुळ नावालाही उरत नाही, कारण आर्मचं सगळं वजन त्या एका बिंदूवर दाबलेलं असतं. दांड्याला मात्र तिथे भोक पाडू नका, जोर तिथेच आहे. टोपी भिंगाखाली पाहा. तिच्या तळाशी ओरखडा असेल तर सुईच्या दीड-दोन ग्रॅमच्या जगात तो अडथळा होतो.

असा आर्म एका बाजूला कलंडणार नाही का? गुरुत्वमध्य टोकाच्या वर असेल तर कलंडेल. दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात खाली झुकलेली काठी धरते, तेच इथे करायचं आहे. मागच्या वजनाचं भोक वरच्या कडेला घेतल्याने त्याचा बहुतेक भार खाली लोंबतो. शिवाय ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना, टोकाच्या पातळीखाली येतील अशी पंधरा-पंधरा ग्रॅमची पितळी वजनं लावा. ती खुंटीजवळ असल्याने सुईला जाणवत नाहीत. मागचं वजन किंचित फिरवलं की आर्म डावी-उजवीकडे कलतो, आणि याच युक्तीने सुई सरळ उभी करायची. प्लेअरवर छोटा आरसा ठेवून सुई त्यावर अलगद टेकवा. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे.

तारा चार: पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या. लाकडी आर्ममध्ये इथे खास काळजी हवी. धातूची नळी तारांना गुणगुणीपासून आडोसा देते, लाकूड देत नाही. प्रत्येक जोडी नीट पिळा. तरी गुणगुण आली तर दांड्याच्या पोटात खाच घेऊन ती पातळ तांब्याच्या पत्र्याने मढवा आणि पत्रा अर्थ करा. खांबाजवळ तारांना सैल वळसा द्या. ताठ तार आर्मला ढकलते, आणि लोक दोष सांध्याला देतात. कार्ट्रिजच्या पिनांवर थेट झाळकाम करू नका, उष्णतेने आतली वेटोळी जळतात. क्लिपा आधी तारेला झाळा आणि मग पिनांवर चढवा. मल्टिमीटरही कार्ट्रिजला लावू नका.

खाचेचं घर्षण सुईला पुढे ओढतं, पण कार्ट्रिज कोनात असल्याने ही ओढ खुंटीच्या रेषेत जात नाही आणि आर्म आत ओढला जातो. ही ओढ सुईच्या दाबाच्या साधारण दहा टक्के असते. 1.8 ग्रॅमला 0.18 ग्रॅम. खुंटीपासून 20 मिलिमीटरवर दोरा बांधून तो एका गुळगुळीत कडीवरून बाहेर सोडला, तर त्याला दोन ग्रॅमचं वजन पुरतं. माशांच्या गळाचं लहान शिसं याला नेमकं चालतं.

जुळवणी अशी करा. सुईचं झाकण काढून मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगता ठेवा. मग ते पुढे आणा. 100 ग्रॅमचं वजन एक मिलिमीटर पुढे आलं की सुईवर 0.43 ग्रॅम दाब येतो. एम-6 च्या आट्याचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा सव्वाचार फेऱ्यांत 1.8 ग्रॅम. तरी सोनाराचा छोटा डिजिटल काटा घेऊन खात्री कराच. खांबाची उंची अशी ठेवा की सुई रेकॉर्डवर असताना दांडा तबकडीला समांतर राहील. शेवटी कागदावर 60.3 आणि 117.4 मिलिमीटरवर दोन खुणा करून कार्ट्रिज दोन्ही ठिकाणी खाचेच्या दिशेला येतं का ते पाहा. या कामाला घाई करू नये, सगळा आवाज इथे ठरतो.

मग ऐका. पहिली परीक्षा गाण्याविना: मोटर बंद ठेवा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, आवाज थोडा वाढवा आणि दांड्यावर नखाने हलकेच टिचकी मारा. कोरडा ठक् ऐकू आला तर उत्तम. लांबलेला स्वर आला तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा दांडा पातळ झाला आहे. दुसरी परीक्षा द्रुताची. शेवटच्या दोन मिनिटांत तानपुऱ्याच्या तारा गायकाच्या आवाजापासून वेगळ्या राहिल्या तर तुमची भूमिती बरोबर आहे.

78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या वाजवायच्या असतील तर आर्म तोच चालेल, सुई मात्र वेगळी हवी. त्यांची खाच रुंद असते आणि तिला 0.075 मिलिमीटर गोलाईची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. दाबही वाढवून कार्ट्रिजच्या कागदावर असेल तेवढा, बहुधा तीन ते पाच ग्रॅम ठेवावा. या तबकड्यांची माहिती जपणारे लोक महाराष्ट्रात आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था 1990 मध्ये मुंबईतच सुरू झाली.

राहिलं पॉलिश. आर्मला जाड व्हार्निश नको, ते वजन वाढवतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात द्या, दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा. चारही बाजू आणि दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर एका बाजूने ओल शिरून दांडा वाकतो. सागात तेल असतं, म्हणून काही चिकटवायच्या आधी ती जागा स्पिरिटने पुसा. ठोकळा आणि धातूचे भाग अॅराल्डाइटने बसवा. 78 च्या तबकड्याही याच लाखेच्या, दगडाची पूड आणि काजळी मिसळून केलेल्या असतात. तेव्हा स्पिरिटचा बोळा त्यांच्याजवळ नेऊ नका. एलपी स्पिरिटला दाद देत नाही, लाखेची तबकडी विरघळते आणि ती परत मिळत नाही.

जव्हार-मोखाड्यात जुनी सागवानी घरं उतरवून सिमेंटची बांधणं चालू आहे, आणि घर उतरलं की वाशांचे तुकडे चुलीत जातात. आपलं किंवा शेजाऱ्याचं घर उतरत असेल, तर सरळ नसेचा हातभर तुकडा मागून घ्या आणि सावलीत ठेवून द्या. तो बाजारात मिळत नाही.